चूलबंद आवतण

भिमाजीतात्या माझ्या दुकानात उभ्या उभ्या खाली बसले तो मंगळवार होता. खुर्चीवर नव्हे, फरशीवर, झेरॉक्स मशिनला पाठ टेकवून. सदुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याचा आवाज माइक बंद पडला तरी तीन शेतं ओलांडून जातो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि पडद्यावर बोट टेकवलं. मी वाचलं.

काय वाचलं ते सांगते. पण आधी तात्या कोण ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका ओळीनं एवढं काय आभाळ कोसळलं.

आमच्या डिंगोऱ्यात आणि आजूबाजूच्या चौदा गावांत लग्न असो, वास्तुशांत असो की जागरण-गोंधळ, कुणाला बोलवायचं हे घरचे लोक ठरवत नाहीत. घरचे खर्च करतात, ठरवतात तात्या. आवतणं द्यायचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. आता पत्रिका छापतात, मोबाइलवर फोटो पाठवतात, सगळं करतात. पण त्याला आमच्याकडे बोलावणं म्हणत नाहीत. तात्या उंबऱ्याबाहेर उभे राहणार, चपला काढणार, घरधन्याच्या हातावर कुंकवाच्या अक्षता ठेवणार आणि खणखणीत आवाजात कार्य, वार, मुहूर्त सांगणार. शेवटी आवतण कसलं आहे तेही. घरटी एक, म्हणजे एकानं यायचं. जोडीचं, म्हणजे नवराबायकोनं. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायलाच यायचं. चूलबंद आवतण मिळणं हा मान. ते ज्याला मिळालं नाही तो वर्षभर कुरकुरतो.

आणि ज्याला आवतणच नाही, तो मांडवात येऊन उभा राहिला तरी पंगतीला बसत नाही. आगंतुक होऊन जेवणाऱ्याला आमच्यात माणसात धरत नाहीत.

तात्यांची कमाल अशी की हे सगळं त्यांच्या डोक्यात. कुणाचा बांधावरून कुणाशी वाद, कुठल्या जावा एकमेकींचं तोंड बघत नाहीत, कुणाचं जमलेलं लग्न कुणी मोडलं, सगळं. दोन चुलतभावांची डोकी फुटायची वेळ आली होती तेव्हा एकाला त्यांनी अकराचा मुहूर्त सांगितला, दुसऱ्याला एक वाजताचं जेवण. दोघंही येऊन जेवून गेले, दोघांनाही वाटलं दुसरा आला नाही. मी सासर सोडून माहेरी आले तेव्हा भाऊबंदांनी मला घरात मोजणं बंद केलं होतं. पहिल्याच लग्नसराईत तात्या माझ्या वडिलांच्या दारात उभे राहिले, वडिलांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि मग मला हाक मारून म्हणाले, “आरते, हात कर. तुझं आवतण येगळं.” त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले होते. म्हणून तात्यांवर मी कितीही चिडले, आणि मी चिडते, तरी त्यांच्याविरुद्ध कुणी बोललेलं मला खपत नाही.

दशक्रियेला अक्षता नसतात, नुसता निरोप असतो, तिथे कुणीही यावं. पण नदीकाठी घाटावर माइक मात्र तात्यांच्याच हातात. कोण श्रद्धांजली वाहणार, कुणी आवरतं घ्यावं, पाव्हण्यांनी कुठे बसावं, हे सांगत दोन-दोन तास ते उभे असतात. अर्ध्या तालुक्याला तो आवाज पाठ आहे.

आता त्यांची चूक सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या रत्नाचं लग्न होतं. एकुलती लेक. तात्या वीस दिवस सायकलवर फिरत होते. डिंगोरे, ओतूर, पारगाव, पार मंचरपर्यंत अक्षता पोचल्या. ज्याच्याशी कोर्टात केस चालू होती त्याच्याही दारात तात्या उभे राहिले. आणि येडगावला सख्खी बहीण दिली होती, प्रयागबाई, तिच्या दारात गेले नाहीत.

मुद्दाम नव्हे हो! तेच तर दुखणं. ती घरचीच, तिला कसलं आवतण, ती चार दिवस आधी येऊन हळद दळायला बसेल, असं तात्यांनी गृहीत धरलं. आणि तिकडे प्रयागबाई पिशवी भरून उंबऱ्यात बसून राहिली. रत्नाचं नाव बारशाला तिनंच ठेवलेलं, आत्या म्हणून. तिचा नवरा हौशीराम कडक. तो म्हणाला, “गावभर अक्षता वाटनाऱ्याला भनीचा उंबरा घावला न्हाई? आवतण आल्याबिगर या घरातलं कुनी जायचं न्हाई.” ती आली नाही. लग्नात नवरीची आत्या नाही म्हटल्यावर चौदा गावांना विषय मिळाला.

त्यानंतर तात्यांनी एकदा जाऊन चुकलो म्हणायचं, मिटलं असतं. पण माणूस हट्टी. आवतणं द्यायला लागल्यापासून एक घर चुकलं नाही अशी ज्याची ख्याती, तो सख्ख्या बहिणीचं चुकलं हे कबूल कसं करणार? चावडीवर कुणी विचारलं की एकच उत्तर, “घरच्याला आवतण लागत न्हाई.” आणि प्रयागबाईचा निरोप, “लेक दिली की ती पाव्हणी व्हती.” दोघंही आपापल्या जागी खरे. एकोणीस वर्षं अबोला. येडगावची आवतणं तात्या दुसऱ्याच्या हाती धाडायचे, त्या गावाची वेस त्यांनी ओलांडली नाही. राखीपौर्णिमेला मात्र सकाळपासून ते कुणाशी बोलत नसत, आणि संध्याकाळी ठमाकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे येऊन म्हणायची, “आजचा दिवस गेला बाई एकदाचा.”

दोन वर्षांपूर्वी नारायणगावात तीन पोरांनी ‘गावमांडव’ नावाचं काहीतरी सुरू केलं. मोबाइलवर घ्यायचं. तालुक्यातले सगळे कार्यक्रम त्यावर टाकायचे, फोटो टाकायचे, आणि तुम्ही कुठे कुठे जाता ते बघून यंत्र तुम्हाला सांगणार, ‘तुमच्यासाठी कार्यक्रम’. शिवाय ‘बहुतेक तुमच्या ओळखीचे’ म्हणून माणसंही सुचवणार. बटण दाबायचीही गरज नाही. फोन खिशात असला आणि तुम्ही मांडवात असलात की ते आपोआप तुमची हजेरी लावतं.

पहिल्या चार महिन्यांत यंत्रानं जो हाहाकार उडवला तो विचारू नका. महिन्याभरात चार दशक्रियांना गेलेल्या माणसाला ते रोज सकाळी विचारायचं, ‘तुम्हाला आवडतील असे दशक्रिया विधी बघा.’ ज्याच्या जमिनीत चुलत्यानं विहीर पाडली होती, त्याला त्याच चुलत्याच्या वास्तुशांतीला ‘नक्की जा’ म्हणून सुचवलं. पुतण्याच्या हातून चुकून ‘येणार’ दाबलं गेलं. तिकडे चुलत्याला संदेश गेला, पुतण्या येतोय. चुलत्यानं भीतीनं चार पैलवान बोलावून ठेवले आणि पुतण्या इकडे बिचारा टोमॅटो तोडत होता. एका विधुराला हळदीकुंकवाची सात बोलावणी. आम्ही हसून हसून बेजार, पण ज्यांच्यावर बेतलं ते हादरले होते.

शेवटी त्या तिघांतला ऋतिक नावाचा पोरगा माझ्या दुकानात आला. पुण्याला शिकलेला, दाढीवाला, नम्र. म्हणाला, “ताई, आमच्या यंत्राला माणसं कळतात, गाव कळत नाही. इथे कुणीतरी भिमाजीतात्या आहेत म्हणे?”

मीच त्याला तात्यांकडे नेलं. हे मी लपवणार नाही.

तात्या आधी उडवून लावणार होते, पण ऋतिकनं त्यांचे पाय धरले आणि म्हणाला, “तुमच्यानंतर हे सगळं कुणाला कळणार, तात्या?” तिथे तात्या विरघळले. दोन दिवस ते माझ्या दुकानात बसले आणि बोलत राहिले. मी टाइप करत राहिले. यादीला ऋतिकनं नाव दिलं, ‘नको-जोड्या’. ज्या दोघांना यंत्रानं एकमेकांसमोर आणायचं नाही अशा जोड्या. तात्या डोळे मिटून गावोगाव चालत असल्यासारखे सांगत होते. “लिव्ह. गोकुळ आन त्याचा मेव्हणा. लिव्ह. कुशाबाई आन तिची धाकली सून.” दोनशे चौदा जोड्या झाल्या. चौदा गावांचे सगळे अबोले एका फायलीत. एवढी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत?

शेवटी तात्या म्हणाले, “झालं. आता कुनी न्हाई राह्यलं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पाणी पीत होते. यादीत भिमाजी आणि प्रयागबाई ही जोडी नव्हती. जगाचे अबोले सांगितले आणि आपला सांगायचा राहिला. पुन्हा घरचंच राहिलं! मला दिसलं, आणि मी बोलले नाही. धाडस झालं नाही की मनात दुसरं काही होतं, खरंच सांगता येत नाही. मी फाइल पाठवून दिली.

आणि मग तो मंगळवार. ऋतिकनं तात्यांच्या मोबाइलवर ‘गावमांडव’ घालून दिल्याला वर्ष उलटून गेलं होतं. तात्या ते फारसं बघत नसत. त्या दिवशी माझ्याकडे कसलासा फॉर्म भरायला आले असताना फोन वाजला, त्यांनी चष्मा लावून बघितला आणि तिथेच खाली बसले. पडद्यावर ही ओळ होती:

‘भिमाजी, गेल्या वर्षभरात तुम्ही आणि प्रयागबाई तेवीस कार्यक्रमांना एकत्र होतात. तुम्ही त्यांना ओळखता का?’

खाली दोन बटणं. ‘हो’ आणि ‘नाही’.

“खोटं हाय,” तात्या कसेबसे म्हणाले. “मशिन खोटं बोलतंय. ती कुटं येती? ती माज्या सावलीला उभी ऱ्हाईना.”

मी म्हटलं, “तात्या, त्याला खोटं बोलता येत नाही. तेवढी अक्कल नाही त्याला. त्यांचा फोन जिथं होता तिथं तुमचा होता, एवढंच त्याला कळतं.” मला माहीत होतं, प्रयागबाईच्या नातीनं, तेजस्विनीनं, आजीला भजनाचे कार्यक्रम कळावेत म्हणून हेच यंत्र फोनमध्ये घालून दिलं होतं. पोरगी माझ्याकडेच कॉलेजचे फॉर्म भरायला येते.

मी त्या तेवीस कार्यक्रमांची यादी उघडली. पारगावची दशक्रिया. ओतूरचं लग्न. मढचं जागरण. ओझरचा साखरपुडा. जिथे जिथे तात्यांच्या हातात माइक होता, ती प्रत्येक जागा. तेवीसच्या तेवीस.

“फोटू असत्यान ना?” तात्या म्हणाले. “दाव मला.”

पारगावच्या दशक्रियेचे शंभरावर फोटो होते. एकेक करत आम्ही पुढे गेलो. पुढच्या रांगेत पुढारी, मग टोप्या, मग बायका. सत्तराव्या की एकाहत्तराव्या फोटोत, सगळ्या बायकांच्या मागे, उसाच्या ट्रॉलीला टेकून एक हिरवं लुगडं उभं होतं. डोक्यावरून पदर, पदराचं टोक दातात. तोंड नीट दिसत नव्हतं.

तात्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. “पदर दातात धरायची खोड हाय तिची. आई मारायची तिला त्यापायी.”

पुढच्या लग्नात तीच. जागरणात तीच. कायम मागे, कायम एकटी, कायम माइकच्या दिशेला तोंड. एवढी वर्षं चौदा गावं त्यांच्या अबोल्याची गोष्ट चघळत होती, आणि ही बाई दर पंधरवड्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे उभी राहून भावाचा आवाज ऐकून जात होती. कुणीही बघितलं नाही. मीसुद्धा त्यातल्या सहा-सात कार्यक्रमांना होते. मी काय बघत होते? माझी मलाच लाज वाटली.

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “पंगतीच्या फोटूत हाय का बघ.”

मी बघितलं. पंगतीच्या एकाही फोटोत ती नव्हती. यंत्रात येण्याची आणि जाण्याची वेळही दिसते. प्रत्येक वेळी पंगत बसायच्या आधी ती निघालेली. तेवीस वेळा आली आणि तेवीस वेळा उपाशी परत गेली.

तात्या उठले आणि फॉर्म न भरताच घरी गेले. फोन माझ्या टेबलावरच राहिला.

गुरुवारी नदीकाठी दशक्रिया होती आणि तात्या आले नाहीत. तुम्हाला समजणार नाही, पण आमच्याकडे ही भूकंपाची बातमी. माइक कुणी धरायचा तेच कुणाला कळेना. दुपारपर्यंत गावात कुजबूज सुरू झाली, तात्यांना घशाचा काहीतरी मोठा आजार निघाला. ठमाकाकू माझ्या दुकानात येऊन भर गिऱ्हाइकांत कडाडली, “काय दावलंस गं माझ्या नवऱ्याला? तीन दिस झालं, भिताडाकडं तोंड करून पडल्यात. भाकरीला हात लावत न्हाईत. इचारलं तर म्हनत्यात, ती जेवली न्हाई. कोन जेवली न्हाई?”

मी तिला मागच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. तिनं तोंडावर पदर घेतला. जाताना एवढंच म्हणाली, “मला एकदा वाटलं व्हतं गं. ओतूरच्या लग्नात कुनीतरी मागं दिसलं व्हतं. मी म्हनलं, भास आसंल.”

शनिवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते तर मागे तात्या उभे. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात स्टीलचा डबा. अक्षतांचा डबा मी लांबून ओळखते.

“आरते, गाडी काढ. येडगावला जायाचंय.”

शटर अर्ध्यावरच राहिलं. येडगाव हे नाव मी त्यांच्या तोंडून मोठेपणी ऐकलंच नव्हतं. “कुणाचं आवतण आहे?”

“रत्नाच्या लग्नाचं.”

रत्नाची मुलगी नववीत आहे. मला वाटलं, चार दिवस उपाशी राहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ऋतिकला शिव्या घालाव्यात की स्वतःला, कळेना. पण तात्यांची नजर स्थिर होती. म्हणाले, “राह्यलेलं आवतण हाय. पोचवायला नगं?”

मी स्कूटी काढली. ओतूर मागे टाकलं, ओझरवरून निघालो. तात्या मागे डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. उतरले, रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं उभे राहिले आणि परत बसले. मला भीती एकच होती. हौशीराम कडक माणूस. त्यानं दारातून हाकललं तर तात्या पुन्हा उठायचे नाहीत.

हौशीराम ओट्यावर बसून क्रेटमधले टोमॅटो निवडत होता. आम्हाला बघितलं आणि त्याचा हात हवेतच थांबला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

तात्यांनी चपला काढल्या. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. डबा उघडला. आणि माइकवर बोलावं तशा आवाजात सुरुवात केली.

“राम राम मंडळी. डिंगोऱ्याच्या भिमाजीच्या घरचं आवतण हाय. आमची लेक रत्ना हिचं लगीन हाय. आमच्या मांडवात...” इथे तो आवाज फुटला. माझ्या उभ्या जन्मात मी तो फुटलेला ऐकला नव्हता. त्यांनी डबा पुढे धरला. “आवतण चूलबंद हाय. ल्हानथोर समद्यांनी जेवायला यायाचं.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. प्रयागबाई दारात आली. हात पिठानं भरलेले, पदर दातात. तिनं आधी भावाकडे बघितलं, मग डब्याकडे.

“ते लगीन झालं,” ती म्हणाली.

“म्हाईत हाय.”

“मी व्हते तितं.”

तात्यांनी मान वर केली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“पिशवी टाकली आन चोरून यष्टीनं आले,” ती म्हणाली. “मांडवाच्या भाईर, पान्याच्या टँकरमागं उभी व्हते. दुसऱ्या मंगलाष्टकाला लाईट गेली. तू म्हनलास, कुनी हलू नका, नवरी हितंच हाय. समदी हसली. मी बी हसले. अक्षता टाकल्या मी, दादा. लांबून टाकल्या, पोचल्या नसत्याल.”

तात्यांनी डबा छातीशी धरला.

“मंग रत्ना निघाली तवा तू माइक बंद करायचा इसरलास. तिला म्हनलास, आत्याच्या पाया पड. समद्या मांडवानं ऐकलं. आन मंग तू गप झालास. तवापासनं मला वाटतं, कवातरी माइकवर ते पुढचं बोलशील. म्हनून येते.”

मला ते आठवलं. मी त्या लग्नात होते, वीस वर्षांची. सवयीनं तोंडातून गेलेलं ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं आणि आम्ही पोरी एकमेकींना कोपर मारून फिदीफिदी हसलो होतो. त्या टँकरमागे कोण उभं आहे ते कुणाला ठाऊक होतं? मी ओट्याचा खांब धरला.

“चुकलो मी, पयाग,” तात्या म्हणाले. “घरचं आवतण राह्यलं. चुकलो.”

तेवढं बोलायला एकोणीस वर्षं लागली होती. बोलून झाल्यावर ते लहान मुलासारखे रडले. त्यांचा डबा कलंडेल म्हणून मी पुढे झाले, तर माझ्या आधी हौशीराम उठला होता. आता हा काय बोलतो?

“एकोनीस वर्सं ही डोळं दावायला जुन्नरला जाती,” हौशीराम म्हणाला. “म्हैन्यातनं दोनदा. चष्मा काय आजून लागला न्हाई. मी म्हनलं, डाक्तर लई हुशार दिसतुया.”

प्रयागबाईनं वळून त्याच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडंच राहिलं, दातातला पदर सुटला. “तुमाला म्हाईत व्हतं?”

“आवतणाबिगर जायचं न्हाई म्हनून मीच बोल्लो व्हतो. सबुद परत कसा घ्यायचा? मंग यष्टीला पैसं लागायचं तुला, ते खुंटीवरच्या सदऱ्यात ठिवायचो.” तो तात्यांकडे वळला, दोन्ही हात टोमॅटोच्या पाल्यानं हिरवे झालेले, ते त्यानं धोतराला पुसले आणि ओंजळ पुढे केली. “द्या पावणं. लई उशीर केलासा.”

तात्यांनी अक्षता त्याच्या ओंजळीत घातल्या. मग बहिणीसमोर डबा धरला. तिचे हात पिठाचे होते, तरी तिनं ते तसेच पुढे केले. कुंकवाचे दाणे पिठात पडले.

“जेवले न्हाई मी त्या दिशी,” ती म्हणाली. “तेवढंच राह्यलंय.”

“पंगत उठली न्हाई आजून,” तात्या म्हणाले.

मी बाजूला होऊन ठमाकाकूला फोन लावला आणि पाव्हण्यांचाही स्वयंपाक टाक म्हटलं. तिनं कोण, का, काहीच विचारलं नाही. फक्त विचारलं, “पुरन घालू का गं?” आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच फोन ठेवला.

प्रयागबाई मुठीत अक्षता घेऊन आत गेली. शेगडीवर तवा तापलेला होता, त्यावर एक भाकरी टाकलेली, एका अंगानं भाजलेली. तिनं ती उलटली नाही. हात पुढे करून गॅस बंद केला.